कमरेखालचा सांधा : झटका, मालिश की मेहनत?



गळीत हंगाम सुरू झाला की आपले सगळे लक्ष टनेजकडे आणि उताऱ्याकडे लागते. तोड कधी मिळणार, टोळी कधी येणार, खोडवा राखायचा की मोडायचा, याचे हिशेब घरोघरी चालू असतात. या हिशेबांत एक हिशेब मात्र हटकून राहून जातो, तो आपल्या शरीराचा. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. स्वतःची कंबर धरली तर मात्र "होईल बरी" म्हणून महिनोन् महिने काढतो. आणि इलाज करायची वेळ आली की ज्याने जे सांगितले ते करून बघतो.

कंबरदुखीचे प्रकार अनेक आहेत. त्यांतल्या एकाच प्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे. कमरेच्या अगदी खाली, एका कुल्ल्याच्या वरच्या भागात, बोट ठेवून दाखवता येईल असे हे दुखणे असते. त्यावर हाताने करावयाचे उपचार पुष्कळ आहेत. कुणी झटका देऊन हाड "बसवतो", कुणी तेल लावून रगडतो, कुणी हळूहळू सांधा हलवतो, तर कुणी नुसता व्यायाम सांगतो. यांतले खरे कोणते आणि सरस कोणते, हे समजून घेतले तर पैसा वाचेल, दिवस वाचतील आणि एखाद्याचे होणारे नुकसानही टळेल.

हा सांधा आहे तरी कोणता?

पाठीचा कणा जेथे संपतो तेथे एक त्रिकोणी हाड असते. कुदळीच्या तोंडात दांडा घट्ट राहावा म्हणून आपण पाचर ठोकतो ना, तसे हे हाड दोन्ही बाजूंच्या मोठ्या पसरट हाडांमध्ये ठोकून बसवल्यासारखे असते. उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन सांधे तेथे होतात. डॉक्टर त्यांना सॅक्रोइलियाक सांधा, थोडक्यात एस. आय. सांधा म्हणतात. पाठीमागे कमरेखाली दोन बाजूंना दोन लहान खळग्या दिसतात. सांधा त्यांच्याच खाली, आत खोलवर असतो.

धडाचा सगळा भार येथूनच दोन्ही पायांत उतरतो. म्हणून निसर्गाने हा सांधा चहूबाजूंनी जाड, चिवट बंधांनी आवळून टाकलेला आहे. गुडघा किंवा खांदा हलतो तसा हा हलत नाही. स्वीडनमध्ये काही रुग्णांच्या हाडांत बारीक धातूचे मणी बसवून क्ष-किरणांनी त्याची हालचाल मोजली गेली. १९८९ साली त्या मोजणीचे आकडे प्रसिद्ध झाले. वळणे सरासरी अडीच अंश आणि सरकणे एका मिलिमीटरहूनही कमी, एवढीच ती हालचाल भरली. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे "हाड सरकले" या बोलण्याचा विचार करताना तो उपयोगी पडणार आहे.

जुनाट कंबरदुखीच्या दर शंभर रुग्णांमध्ये पंधरा ते तीस जणांचे दुखणे या सांध्याचे असते असे तज्ज्ञ मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले डॉक्टर पुष्कळशी कंबरदुखी याच सांध्याच्या माथी मारत. १९३४ साली मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबते हे सिद्ध झाले, आणि मग जो तो "गादी, गादी" म्हणू लागला. हा सांधा मागे पडला. आजही आपल्याकडे कंबर दुखली की पहिला शब्द निघतो तो "गॅप पडलाय का?" हाच.

दुखणे ओळखावे कसे?

एक साधी खूण अशी. दुखणाऱ्याला सांगावे, "एका बोटाने दाखव." हाताचा पंजा सगळ्या कमरेवर फिरवला तर दुखणे कशाचेही असू शकते. पण त्याने दोन-तीनदा तेच बोट त्या खळगीच्या जवळ, किंचित खाली आणि आतल्या बाजूला ठेवले, तर एस. आय. सांध्याचा संशय घ्यावा.

दुसरी खूण हालचालीची. अंथरुणात कूस बदलताना चमक निघते. बसल्यावर भार एका कुल्ल्यावर टाकावासा वाटतो. जिना चढताना, ट्रॅक्टरवर पाय टाकून चढताना, एका पायावर उभे राहून विजार घालताना सणक येते. दुखणे मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत उतरते, क्वचित पोटरीपर्यंतही जाते. परंतु पायाला मुंग्या, बधिरपणा, अंगठ्यातली ताकद कमी होणे असे काही असेल तर शीर दबल्याचा विचार आधी करावा लागतो.

आपल्या कामात या सांध्याला त्रास देणाऱ्या गोष्टी पुष्कळ. नांगरट करताना तास न् तास मान-कंबर वळवून मागे बघत बसणे. ट्रॅक्टरवरून एका पायावर खाली उडी मारणे. युरियाची ४५ किलोची किंवा डी.ए.पी.ची ५० किलोची गोण एका खांद्यावर घेऊन सरीतून चालणे. रात्री पाणी भरताना अंधारात बांधावरून पाय घसरून कुल्ल्यावर आपटणे. तोडणीवाल्यांचे तर विचारूच नका. दिवसभर वाकून तोड आणि वर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे.

फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर यासाठी पाच-सहा साध्या परीक्षा करतात. कुशीवर झोपवून वरून दाब देणे, गुडघा मोडून मांडीतून खाली रेटा देणे, एक पाय पलंगाखाली सोडून दुसरा पोटाशी धरणे अशा त्या असतात. एकट्या परीक्षेवर भिस्त ठेवता येत नाही. पण तीन किंवा अधिक परीक्षांत रुग्णाचे नेहमीचेच दुखणे उमटले तर सांधा बहुधा हाच, असे अभ्यासांत आढळले आहे. साध्या एक्स-रेत हे दुखणे दिसेलच असे नाही. तेव्हा फोटो स्वच्छ आला म्हणून माणूस ढोंग करतो असे समजू नये.

गावची रीत

आपल्या खेड्यापाड्यांत कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्याने पाठीवर, कमरेवर हलकी लाथ मारली की उसण जाते, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. कुणी हाडवैद्याकडे जाऊन कंबर मोडून घेतो. कुणी बिब्ब्याचा चटका किंवा तापल्या लोखंडाचा डाग घेतो.

यामागचा अनुभव सगळाच खोटा म्हणता येणार नाही. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआपच उतरते. लाथ तिसऱ्या दिवशी बसली आणि उसण चौथ्या दिवशी गेली, की श्रेय पायाळूला मिळते. डागाचे तर काहीच समर्थन करता येत नाही. त्याने कातडी जळते, जखम चिघळते, आणि मधुमेह असणाऱ्याची ती महिनोन् महिने भरत नाही. सांधा आत खोल आहे, तेथवर डाग पोचत नाही.

मात्र एक गोष्ट खरी. दुखऱ्या जागी जाणत्या माणसाचा हात फिरला की दुखणे कमी होते. आजचे शास्त्रही हे मान्य करते. प्रश्न एवढाच की किती कमी होते, किती दिवस टिकते आणि कोणत्या पद्धतीने.

हाताचे उपचार एकेक करून

पहिला उपचार झटक्याचा. रुग्णाला कुशीवर किंवा उताणे झोपवून, सांधा ताणाच्या टोकाला नेऊन, तेथे एकच जलद पण थोड्या अंतराचा झटका देतात. पुष्कळदा "कट्" असा आवाज येतो आणि रुग्णाला लगेच मोकळे वाटते. शिकलेल्या हाताने, नीट तपासणी करून दिलेला झटका हा मान्य उपचार आहे. झटका जोराचा नसतो, नेमका असतो. अंगावर बसून, सगळ्या ताकदीनिशी पिरगळणे म्हणजे झटका नव्हे.

दुसरा उपचार हळू हालचालीचा. सांध्यावर हाताचा तळवा ठेवून तालात, थोडे थोडे दाबत-सोडत सांधा हलवतात. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिली अगदी हलकी, पुढच्या चढत्या. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची रीत निराळी. थेरपिस्ट सांधा एका दिशेला धरून ठेवतो आणि रुग्णाने दुखणारी हालचाल स्वतः करायची. तशी करताना दुखले नाही तरच ती पुढे चालू ठेवायची. ज्यांना झटक्याची भीती वाटते त्यांना या रीती सोसतात.

तिसरा उपचार स्नायूंच्या जोराचा. यात थेरपिस्ट पाय एका ठिकाणी धरतो आणि रुग्णाने त्याच्या हाताविरुद्ध हलका जोर लावायचा, पाच-सात सेकंद. मग सैल सोडायचे. असे तीन-चार वेळा. अमेरिकेतले फ्रेड मिचेल यांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधून दिली. यात जोर रुग्णाचा स्वतःचाच असल्यामुळे धोका कमी.

चौथा उपचार मालिश आणि स्नायू मोकळे करण्याचा. कुल्ल्याचे आणि कमरेचे स्नायू सांध्याला सांभाळण्यासाठी आवळून बसतात आणि मग तेच दुखू लागतात. ते दाबून, ताणून सैल केले की आराम पडतो. शेकानेही असाच आराम मिळतो. पण या उपचाराचा परिणाम बहुधा थोडा वेळच टिकतो.

याशिवाय एक पट्टा मिळतो. तो कमरेला नव्हे, कमरेखाली नितंबांभोवती बांधावयाचा असतो. तो सांध्याला बाहेरून आवळून धरतो. जड कामाच्या वेळी काही जणांना त्याचा चांगला उपयोग होतो. दिवसरात्र बांधून ठेवू नये.

"हाड जागेवर बसले" हे खरे का?

आता मुद्द्याचे बोलू. झटका देणारा म्हणतो, "तुमचे हाड सरकले होते, मी बसवले." आवाज आला, मोकळे वाटले, म्हणजे हाड बसले असे आपल्यालाही वाटते. पण मघाचा आकडा आठवा. ज्या सांध्याची सगळी हालचालच मिलिमीटरच्या आतबाहेर आहे तो असा सरकणार कसा?

स्वीडनमध्येच याची तपासणी झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा रुग्णांना तज्ज्ञांकडून झटका देण्यात आला आणि आधी व नंतर तीच बारीक मोजणी झाली. हाताने तपासणाऱ्यांना सांधा आता "जागेवर" आला असे वाटत होते. मोजणीत मात्र हाडांची जागा जशी होती तशीच निघाली. हाड सरकले नव्हते, आणि बसलेही नव्हते.

मग आवाज कशाचा? बोटे मोडताना येतो तसाच तो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली बोट ओढले जात असतानाच त्याचे एम.आर.आय. चित्रण केले, तेव्हा सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होताना दिसली. म्हणजे आवाज हाडांच्या घासण्याचा नाही आणि बसण्याचाही नाही. तो आला नाही तरी उपचार फुकट गेला असे नसते.

मग आराम कसा पडतो? सांध्याला आणि भोवतालच्या स्नायूंना मिळालेल्या ताणाने दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मंदावतो, आवळलेले स्नायू ढिले पडतात, आणि माणसाची भीती कमी होऊन तो मोकळेपणाने हलू लागतो. आराम खरा आहे, त्याचे दिलेले कारण तेवढे चुकीचे आहे. हा फरक नुसता शब्दांचा नाही. हाड सरकते असे मनात बसले की माणूस दर पंधरा दिवसांनी "बसवून" घ्यायला जातो, आणि बसवणाऱ्याचा धंदा चालू राहतो.

मग सरस कोणता?

एस. आय. सांध्यामुळे पायात कळ उतरणाऱ्या ५१ रुग्णांचा एक अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे तीन गट केले. हाताच्या उपचाराच्या गटात १८ पैकी १३ जणांना गुण आला. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले त्या गटात १८ पैकी ९ जणांना. आणि व्यायामाच्या फिजिओथेरपीच्या गटात १५ पैकी ३ जणांना. हा हिशेब बारा आठवड्यांचा.

येथेच थांबलो तर "व्यायाम सोडा, झटका घ्या" असे म्हणावे लागेल. पण पुढे बघा. इराणमध्ये ५१ रुग्णांवरच झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला हाताचा उपचार आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. सहाव्या आठवड्याला हाताचा उपचार पुढे होता. बाराव्या आठवड्याला व्यायामाने त्याला गाठून मागे टाकले. चोविसाव्या आठवड्याला तिन्ही गट सारखेच ठरले.

दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यांवर शपथ घेता येणार नाही. झटका, हळू हालचाल आणि स्नायूंचा जोर यांची आपसांत तुलना करणारे छोटे छोटे अभ्यास भारतातही झाले आहेत. पण ते बहुतेक काही आठवड्यांपुरतेच. अमुकच रीत इतरांना कायमची मागे टाकते असे अजून कुणी खात्रीने दाखवलेले नाही. म्हणून सांगावयाचे तात्पर्य असे :

हाताचा उपचार दुखणे लवकर खाली आणतो. व्यायाम ते खाली ठेवतो. हाताची रीत कोणती घ्यावी, हे तुमचे वय, तुमची हाडे आणि उपचार करणाऱ्याचे शिक्षण पाहून ठरवावे. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ करीत बसू नये.

जमिनीच्या भाषेत बोलायचे तर हाताचा उपचार हे पाणी आहे. कोमेजलेला ऊस त्याने दुसऱ्या दिवशी तरारतो. पण नुसत्या पाण्यावर टनेज निघत नाही. खत, भर आणि बांधणी लागतेच. ती मेहनत म्हणजे व्यायाम.

घरी करावयाची मेहनत

दुखणे तीव्र असताना एक-दोन दिवस जड काम बंद ठेवावे, पण अंथरूण धरून पडू नये. थोडे थोडे चालत राहावे. दुखणे उतरू लागले की पुढील व्यायाम रोज करावेत. पहिल्या खेपेला जाणकारासमोर करावेत म्हणजे चूक राहत नाही.

१) उताणे झोपून गुडघे मोडावेत. दोन्ही गुडघ्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरून पाच सेकंद दाबावी, सोडावी. मग गुडघ्यांभोवती उपरणे बांधून गुडघे बाहेर रेटावेत, पाच सेकंद. दोन्ही पाच-पाच वेळा.

२) त्याच स्थितीत कंबर हळूच वर उचलावी, पाच अंक मोजावेत, खाली आणावी. दहा वेळा. श्वास कोंडू नये.

३) गुडघे आणि तळहात जमिनीला टेकून ओणवे व्हावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा, पाच अंक मोजावेत. मग उलट बाजू. कंबर डुलू देऊ नये. प्रत्येक बाजूला आठ-दहा वेळा.

४) कुशीवर झोपून गुडघे मोडावेत, टाचा एकमेकींना चिकटवून वरचा गुडघा तेवढा उघडावा. दहा वेळा. मग दुसरी कूस.

व्यायामाने ताण जाणवला तर चालेल. चमक निघाली तर तो व्यायाम त्या दिवशी सोडावा. गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवस करून "काही फरक नाही" म्हणणे म्हणजे लागण केल्यावर महिन्याभरात तोड मागणे होय.

कामाच्या सवयीही बदलाव्यात. गोण दोघांनी उचलावी. ट्रॅक्टरवरून उडी न मारता तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून पायरीने उतरावे. तासाभराने खाली उतरून चार पावले चालावे. मागे बघण्यासाठी आरसा नीट बसवून घ्यावा. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसू नये.

झटका कुणी घेऊ नये?

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा. एस. आय. सांधा दुखतो म्हणून तो नुसता लचकलेलाच असतो असे नाही. आत दुसरा रोग असला तर झटक्याने घात होतो.

तरुण मुलगा आहे, चाळिशीच्या आतला. पहाटे कंबर आखडते, तासभर सुटत नाही. काम केले की बरे वाटते आणि आराम केला की वाढते. अशा वेळी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या संधिवाताचा संशय घ्यावा. तो याच सांध्यातून सुरू होतो आणि वर चढत कणा सांधून टाकतो. सांधलेला कणा झटक्याने मोडू शकतो. रक्ताची एच.एल.ए. बी-२७ ही तपासणी आणि एम.आर.आय. यांवरून निदानाला मदत होते, आणि आज त्यावर चांगली औषधे आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या गोठ्यातली. गाई-म्हशी गाभडतात त्याचे एक कारण ब्रुसेलोसिस हा रोग. गाभडलेले वासरू, वार उघड्या हाताने उचलल्याने किंवा कच्चे दूध प्यायल्याने तो माणसाला लागतो. येऊन-जाऊन ताप, घाम, अंगदुखी, आणि पुष्कळदा हाच सांधा सुजतो. त्यावर कितीही मालिश केली तरी उपयोग नाही, योग्य औषधांचा पूर्ण कोर्सच घ्यावा लागतो. दूध उकळूनच घ्यावे. वार काढताना हातमोजे घालावेत. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना याची लस आहे, ती टोचून घ्यावी. मणक्याचा किंवा या सांध्याचा क्षयही आपल्या देशात विसरून चालत नाही.

याशिवाय ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, म्हातारपणी पडल्यानंतरचे दुखणे, हाडे ठिसूळ असणे किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सारे. लघवी अडकणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागेचा बधिरपणा ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे.

माता-भगिनींसाठी

गरोदरपणात शरीर बाळंतपणाची तयारी म्हणून हे बंध सैल करते. त्यामुळे गरोदर स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला ओटीपोटाच्या हाडांच्या या सांध्यांत दुखते. बाळंतपणानंतर बहुतेकींचे थांबते, काहींचे राहते. नॉर्वेत अशा ८१ बाळंतिणींवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी वीस आठवडे नेमलेले व्यायाम केले त्यांना इतरांपेक्षा पुष्कळ अधिक गुण आला आणि तो दोन वर्षांनीही टिकून होता. आपल्याकडे बाळंतिणीला शेक आणि मालिश मिळते, ते चांगलेच. त्याला या व्यायामाची जोड द्यावी. गरोदरपणी मात्र गावठी झटका किंवा पोट-कंबर रगडणे कटाक्षाने टाळावे.

आणखी एक गोष्ट जड मनाने सांगावी लागते. २०१९ साली राज्यात डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणे अनेक आहेत. पण कंबर दुखते म्हणून गर्भपिशवी काढणे हा एस. आय. सांध्याचा इलाज नव्हे, एवढे तरी आपण सर्वांनी जाणून असावे. आपल्या फडात येणाऱ्या तोडणीच्या बायांनाही हे सांगावे. त्यांच्याच कमरेवर आपला ऊस कारखान्यात पोचतो.

जावे कुठे आणि विचारावे काय?

आपल्या देशात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, ते पोलिओच्या साथीच्या निमित्ताने. आज तशी पाळी नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकलाच, म्हसरूळ येथे आहे. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीच्या प्रवरा संस्थेचे आहे. कराडला कृष्णा संस्थेचे आहे. प्रवरा आणि कृष्णा या दोन्ही नावांमागे सहकारी साखर कारखाने आहेत, हे ऊस पिकवणाऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे. सहकारातून उभे राहिलेले ज्ञान दाराशी असताना कमरेवर लाथ घेण्याचे कारण नाही.

उपचारापूर्वी चार प्रश्न न लाजता विचारावेत. एक, आपले शिक्षण काय आणि राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का? दोन, माझे दुखणे याच सांध्याचे आहे हे कशावरून? तीन, किती वेळा यावे लागेल आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर आपण दुसरा विचार कराल? चार, घरी कोणता व्यायाम करू? तपासणी न करता जो थेट कंबर मोडायला घेतो, किंवा व्यायाम न सांगता वर्षभर बोलावत राहतो, त्याच्याकडून उठून यावे. नीट केलेल्या चार-सहा भेटींत काहीच हालले नाही तर पुन्हा डॉक्टरांकडून निदान तपासून घ्यावे.

बंधू-भगिनींनो, माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका, असे शेतकी विभाग आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आला आहे. कमरेलाही तोच नियम लावावा. आधी परीक्षा, मग हाताचा उपचार, आणि त्यामागोमाग रोजची वीस मिनिटांची मेहनत. सुगी दरसाल येते. कंबर एकदाच मिळते.